विहिरीचं पाणी आणि लेझर

एव्हरशाईन सिटीतल्या त्वचेच्या दवाखान्यात मी पत्नीसोबत बसलो होतो. सुरकुत्यांवरच्या लेझरबद्दल विचारायचं होतं. तेवढ्यात लुगडं नेसलेली एक गावातली बाई डॉक्टरांकडून बाहेर आली आणि आमच्याशेजारी टेकली.

"सुरकुत्या कमी होतील म्हनतात. पन मग काही महिने ऊन टाळायचं, नायतर काळे डाग पडतील," पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात पोराचं लगीन. त्याच्या आंघोळीचं पानी भर दुपारी विहिरीवरून वाजतगाजत आयशीनंच आनायचं. तोंड झाकून आनू?"

"मग काय ठरवलंत?" पत्नीने विचारलं.

"पावसात येईन. तवा ऊन नाय, पाहुने नाय."

ती हसली तेव्हा सगळ्या सुरकुत्या एकदम उमटल्या. विहिरीवर तो चेहरा असाच हवा, असं मला वाटलं. पत्नीनेही पावसाळ्यातलीच तारीख मागितली.