मालिनीताईंनी खोडलेलं वाक्य

विठ्ठलवाडीच्या आमच्या वाचनालयात पुस्तक परत करताना बहुतेक सभासद काही बोलत नाहीत. पुस्तक टेबलावर ठेवतात, दुसरं घेतात आणि जातात. मालिनीताई मात्र भांडून जायच्या.

"मॅडम, या बाईने शेवटी दिराला माफ का केलं? कुणी सांगितलं होतं माफ करायला?"

जणू मी ग्रंथपाल नव्हे, त्या कादंबरीची लेखिकाच होते. मी हसायचे. त्या हसायच्या नाहीत.

बस डेपोच्या मागच्या चाळीत त्या राहतात. वय पन्नाशीच्या पुढे. आवाज मोठा आणि बोलणं सरळ. नवरा हरिचंद्र आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. आठ वर्षांपूर्वी तो सेकंड शिफ्टला गेला आणि परत आला नाही. रिअॅक्टरवरचा एक व्हॉल्व्ह बरेच दिवस गळत होता. हरिचंद्रने ते सुपरवायझरला सांगितलं होतं, मेंटेनन्सवाल्यांना सांगितलं होतं. घरी बायकोलाही सांगितलं होतं, कारण त्याचे डोळे सारखे चुरचुरायचे आणि ती विचारायची. "ऑर्डर निघू दे, मग बदलू," असं त्याला उत्तर मिळालं होतं. ऑर्डर निघाली, व्हॉल्व्ह तोच राहिला आणि एका संध्याकाळी उडाला. मग चौकशी झाली. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला, असं अहवालात आलं. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, हे लिहिणाऱ्याला चांगलं ठाऊक होतं.

मालिनीताईंनी मग धागा कटिंगचं काम धरलं. उल्हासनगरला जीन्स शिवणारे कारखाने भरपूर. शिवलेल्या पँटींचे गठ्ठे टेम्पोने चाळीत येतात आणि बायका घरी बसून शिलाईचे लोंबणारे दोरे कापून देतात. कातर धरून अंगठ्याला घट्टे पडतात, निळा रंग नखांतून जात नाही. मुलगी श्रद्धा तेव्हा कॉलेजात होती. आई झोपत नाही, नुसती भिंतीकडे बघत दोरे कापत बसते, हे पाहून ती शेजारी बसून अभ्यासाची पुस्तकं मोठ्याने वाचायला लागली. अभ्यासाची संपली तेव्हा आमच्या वाचनालयातून कादंबऱ्या नेऊ लागली. आईचे हात पँटींवर आणि कान गोष्टीकडे, अशी दोन वर्षं गेली. श्रद्धाचं कॉलेज मध्येच सुटलं, पुढे लग्न होऊन ती बदलापूरला हेंद्रेपाड्यात गेली. त्यानंतर मालिनीताई स्वतः पुस्तकं न्यायला येऊ लागल्या. चौथीपर्यंतची शाळा, तीही गावाकडची. सुरुवातीला एका पानाला बराच वेळ लागायचा. पण त्या पान सोडायच्या नाहीत.

एकदा त्या मला म्हणाल्या, "मॅडम, चांगल्या गोष्टीत काही आपोआप होत नाही. घर जळलं तर कुणीतरी जाळलेलं असतं. पोर उपाशी राहिलं तर कुणीतरी धान्य अडवलेलं असतं. आपल्याकडे मात्र सगळं आपोआप होतं. 'अपघात झाला', 'वेळ आली होती'. मी आता प्रत्येक वाक्याला विचारते, कुणी केलं?"

इतकी वर्षं पुस्तकांत काढून मला हे सुचलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांच्याकडे प्रज्वल सर आले. शाळांत आणि कंपन्यांत आत्मविश्वासावर व्याख्यानं देणारा चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा कुर्ता, बोलणं गोड. संकटांवर मात केलेल्या सामान्य माणसांवर पुस्तक लिहितो आहे, म्हणाले. दुपारभर बसले, चहा घेतला, मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं. मालिनीताईंनी सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, सुपरवायझर, अहवाल, सगळं. त्यांना वाटलं, चला, कुठेतरी छापून येईल.

छापून आलं. पण ते त्यांच्या हातात आलं कसं, ते ऐका.

हरिचंद्रबरोबर काम केलेला संतोष अजून त्याच कंपनीत आहे. एका रविवारी तो एक पुस्तक घेऊन चाळीत आला. मुखपृष्ठावर उगवता सूर्य. नावात 'संकट' आणि 'संधी' हे दोन्ही शब्द होते.

"वहिनी, टेन्शन नका घेऊ, पण हे बघा. सेफ्टी वीकला कंपनीने सगळ्यांना वाटलं. मिठाईचा बॉक्स आणि हे. तुमचं नाव आहे आत."

ज्या कंपनीने व्हॉल्व्ह बदलला नाही, तिने सुरक्षा सप्ताहात हरिचंद्रच्या बायकोची गोष्ट मिठाईबरोबर वाटली.

मालिनीताईंनी कातर खाली ठेवली आणि त्यांच्यावरचा लेख बसल्या जागी वाचला. "नियतीने घाला घातला आणि हरिचंद्र काळाच्या पडद्याआड गेला." त्यांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. व्हॉल्व्ह कुठेच नव्हता. "मालिनीताईंनी कुणालाही दोष दिला नाही. जीन्सचे धागे कापता कापता त्यांनी आयुष्याचे धागे जुळवले." आणि शेवटी, त्यांच्या फोटोखाली, अवतरणचिन्हांत, ठळक अक्षरांत: "संकट हाच माझा गुरू."

"हे मी कधी बोलले?" त्यांनी संतोषला विचारलं.

त्यांनी तिथूनच प्रज्वल सरांना फोन लावला.

"सर, व्हॉल्व्ह कुठे गेला?"

"ताई, कसं आहे, वाचकाला आशा हवी असते. तांत्रिक तपशील टाकले की गोष्ट जड होते."

"माझा नवरा त्या तपशिलाने मेला."

"मी समजू शकतो, ताई. पण तुम्ही कडवट दिसू नये असं मला वाटलं. लोकांच्या मनात तुमची एक सुंदर प्रतिमा…"

"आणि ते गुरूचं वाक्य?"

"ते तुमच्या बोलण्याचं सार आहे."

मालिनीताईंनी फोन ठेवला नाही. त्या नुसत्या गप्प राहिल्या. त्या गप्प बसण्याचा अर्थ सरांनी आपल्या सोयीने लावला आणि आमंत्रण दिलं. अंबरनाथला कार्यक्रम होता, पुस्तकातल्या सगळ्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ. "दोन शब्द तुम्हीही बोला."

"येते," त्या म्हणाल्या.

श्रद्धाला हे कळलं तेव्हा ती मुद्दाम विठ्ठलवाडीला आली. तिचा नवरा आनंदनगरलाच दुसऱ्या एका कंपनीत आहे.

"आई, जाऊ दे ना. चांगलंच लिहिलंय की तुझ्याबद्दल. सासरच्यांनी सगळ्यांना वाचायला दिलं."

"खोटं लिहिलंय."

"मला वाचून बरं वाटलं. बाबा कुणाच्या तरी चुकीने गेले हे रोज डोक्यात ठेवून मला नाही जगता येत. नियती म्हटलं की निदान झोप लागते. आणि तू तिथे काही बोललीस आणि यांच्या कंपनीत कुणाच्या कानावर गेलं, तर?"

मालिनीताईंना मुलीचा राग आला नाही. मुलीला एवढं घाबरून राहावं लागतं, याचा आला. "तू येऊ नकोस," एवढंच त्या म्हणाल्या. श्रद्धा न जेवता गेली.

कार्यक्रमाला मी त्यांच्याबरोबर गेले. सभागृह भरलं होतं. स्टेजवर फुलांची कमान, मागे उगवत्या सूर्याचं मोठं चित्र. पाहुण्यांच्या खुर्च्यांत हरिचंद्रच्या कंपनीचे एक मोठे साहेब होते, कारण पुस्तकाच्या प्रती त्यांनी घेतल्या होत्या. प्रत्येकाचा सत्कार होई, तो माणूस एखादं वाक्य बोले, टाळ्या पडत. कुणी म्हणालं, अपयशाने मला घडवलं. कुणी म्हणालं, आजारपणाचे आभार. मालिनीताईंची पाळी आली. निवेदिकेने माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला.

"या पुस्तकात माझ्या तोंडी एक वाक्य आहे. ते मी बोललेलं नाही," त्या म्हणाल्या. "संकटाने मला काही शिकवलं नाही. संकटाने माझी झोप नेली, पाठ नेली, पोरीचं कॉलेज नेलं. मला जे काय कळलं ते पोरीने पुस्तकं वाचून दाखवली म्हणून कळलं. संकट नसतं तर जास्त वाचलं असतं. आणि माझा नवरा नियतीने गेला नाही. व्हॉल्व्ह गळत होता. त्याने सांगितलं होतं. ज्यांना सांगितलं होतं त्यांचे साहेब इथे बसलेत. त्यांनी माझी गोष्ट वाटली. व्हॉल्व्ह का नाही बदलला, ते सांगावं."

मला वाटलं, आता काहीतरी होणार.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळं सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. एकाने शिट्टी मारली. प्रज्वल सर लगबगीने पुढे आले. त्यांचे डोळे खरंच पाणावले होते. "मित्रांनो, ही आग! हाच तो बुलंद आवाज! याच जिद्दीची गोष्ट मी लिहिली. पुन्हा एकदा जोरदार टाळ्या!" साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. मान डोलवत, कौतुकाने. मग निवेदिकेने पुढचं नाव घेतलं.

मारलं असतं, हाकललं असतं, तर तो निदान जबाब झाला असता. त्या लोकांनी आरोपाचंही करमणुकीत रूपांतर केलं. प्रश्न विचारणाऱ्या बाईला शाल पांघरून खाली बसवलं आणि प्रश्न तिथेच मेला. खाली उतरताना कॉलेजच्या दोन मुली त्यांच्याबरोबर सेल्फी काढायला आल्या. "काकी, खूप इन्स्पायर झालो."

बाहेर रिक्षाची वाट बघताना मालिनीताईंनी मला विचारलं, "मॅडम, मी मराठीतच बोलले ना?"

दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयात आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी चाळीत गेले. संतोष तिथेच होता आणि त्याची प्रत मालिनीताईंच्या मांडीवर उघडी होती. फोटोखालचं वाक्य त्यांनी पट्टी धरून सरळ रेघेने खोडलं होतं. नियतीचं वाक्यही खोडलं होतं आणि समासात, चौथी शिकलेल्या बाईच्या मोठ्या गोल अक्षरांत लिहिलं होतं: "व्हॉल्व्ह गळत होता. हरिचंद्रने कंपनीतल्या तीन जणांना सांगितलं. कुणी बदलला नाही." खाली सही.

"माझ्या नावाचं आहे, मी दुरुस्त करणार," त्या म्हणाल्या.

संतोषने ती प्रत शिफ्टला नेली. जेवणाच्या सुट्टीत ती या हातातून त्या हातात गेली. मग एकजण स्वतःची प्रत घेऊन चाळीत आला. "काकी, माझ्या प्रतीवर पण लिहून द्या." त्यानंतर माणसं येतच राहिली. शिफ्ट सुटल्यावर वाकडी वाट करून, डबा खांद्याला लावून, दोघं-तिघं. काही नुसतं लिहून घेऊन जायचे. काही बसायचे आणि आपल्या खात्यात काय गळतंय, काय तुटलंय, कुणाला सांगितलंय, ते बोलायचे. मालिनीताई ऐकायच्या आणि एकच विचारायच्या, "कुणी काय उत्तर दिलं? त्याचं नाव काय?" जीन्सचे गठ्ठे मागे पडले. टेम्पोवाला कुरकुरला.

महिन्याभरात कंपनीच्या बोर्डावर सूचना लागली. पुस्तकात छपाईच्या चुका आढळल्या असून सर्वांनी आपापल्या प्रती ऑफिसात जमा कराव्यात. संतोष सांगतो, फारशा कुणी दिल्या नाहीत.

प्रज्वल सरांचा फोन आला. आवाजातला गोडवा कमी झाला होता. "ताई, लेखकाच्या मजकुरावर असं लिहिणं बरं नाही. माझ्या नावाचा प्रश्न आहे."

"तुमच्या नावाचा प्रश्न आहे, तर मग माझ्या नावाचं काय?"

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्यात मालिनीताई नव्हत्या. त्यांच्या जागी कर्जातून वर आलेल्या एका हॉटेलवाल्याची गोष्ट होती. एक वाक्य बदलण्यापेक्षा अख्खी बाई काढून टाकणं सोपं गेलं. मी चिडून ते त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांचाही संताप झाला. "मी कुठे म्हटलं मला काढा? खरं लिहा म्हटलं होतं." चौकशीचा अहवाल आजही तसाच आहे. कामगाराचा निष्काळजीपणा. मालिनीताईंनी त्याची नक्कल मागायला अर्ज केला आहे. सरकारी कचेरीतून अजून उत्तर नाही. त्या दर सोमवारी जाऊन विचारतात. तिथला शिपाई आता त्यांना लांबूनच ओळखतो.

श्रद्धा बरेच महिने आईशी नीट बोलत नव्हती. मग एका दुपारी ती आली, तेव्हा मी तिथेच होते. तिच्या पिशवीत समासात लिहिलेली एक प्रत होती. तिच्या नवऱ्याला ती त्याच्या कंपनीत, कुणा मित्राकडे मिळाली होती. म्हणजे ती प्रत आता दुसऱ्या कंपनीतही फिरत होती. श्रद्धाने ते पान उघडून आईपुढे ठेवलं. आईने तिच्यापुढे चहा ठेवला, तो तिने घेतला नाही.

"तीन जणांना सांगितलं असं लिहिलंस," ती म्हणाली. "सुपरवायझर आणि मेंटेनन्सवाला मला माहीत आहेत. तिसरा कोण?"

मालिनीताईंनी नाव सांगितलं. कंपनीतल्या त्याच माणसाने मयताच्या दिवशी श्रद्धाच्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि "बाळा, देवाची इच्छा" म्हणून समजूत घातली होती.

श्रद्धाचा चेहरा लाल झाला. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नव्हतंस."

"आता विचारते. पहिल्यापासून सांग."

मालिनीताईंनी मांडीवरची पँट बाजूला केली आणि सांगायला सुरुवात केली.