हजार तुकड्यांचा खटला

माण गावात आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी परभणीची मुलगी दिवाळीला गावी निघाली, तेव्हा तिने माझ्या हातात एक खोकं दिलं. "काकू, यात हजार तुकडे आहेत, जुळवले की चित्र होतं. काका दिवसभर मोबाईल बघतात ना, त्यांना बसवा याच्यापुढे." पोरगी गुणाची. आमच्या पिकाऊ जमिनीवर बिल्डिंगा उभ्या राहिल्यापासून आमचा माणूस रिकामा, आणि रिकामा नवरा घरात असला की बाईचं डोकं किती उठतं ते मला विचारा.

खोक्यावरचं चित्र बघून मात्र मी कपाळावर हात मारला. ना फूल, ना डोंगर. युरोपातल्या कुठल्या तरी चर्चमध्ये चाललेला खटला, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं शेकडो वर्षांपूर्वीचं चित्र. रंग म्हणाल तर काळा आणि पांढरा. उंच टोप्या घातलेले धर्मगुरू ओळीने बसलेत, एक जण कोपऱ्यात लिहून घेतोय आणि मधोमध एक बाई उभी.

पण ह्यांना चेव चढला. जेवणाच्या टेबलावर तुकडे ओतले आणि म्हणाले, "आधी बांध घालून घेऊ, मग आतलं बघू." मी तांदूळ निवडावेत तसे सरळ कडेचे तुकडे निवडून द्यायचे, हे लावायचे. वरचा बांध वाकडा गेलाय असं मी म्हटलं तर गृहस्थाने सुतळी आणून धरली! वाकडाच होता. एक तुकडा मुठीने ठोकून भलत्याच जागी बसवला होता. "अतिक्रमण काढा," मी म्हटलं. काढलं, पण फुगून बसले.

बांध पडल्यावर आतली माणसं उगवायला लागली. धर्मगुरूंना हे पंच म्हणायचे. "ह्यो पंच लई आगाव दिसतोय. आन् ह्यो बघ, चक्क झोपलाय!" हसून हसून माझं पोट दुखलं. कित्येक वर्षांत आम्ही दोघं असे एका टेबलाशी बसलो नव्हतो, खरंच सांगते.

चौथ्या दिवशी ती बाई पुरी झाली. हे बघत राहिले. "आगं, एवढ्या खुर्च्या हायेत, आन् हिलाच उभी ठेवलीय व्हय? लाज न्हाई का ह्यांना?"

माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते. "तुमच्या आक्काला तरी कुठं बसवलं होतं?"

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं, शेजारच्या नांदे गावी दिलेल्या. तीन वर्षांपूर्वी उरलेल्या माळाच्या जमिनीचा व्यवहार ठरला, तेव्हा वडिलांच्या जमिनीतला हक्क सोडल्याच्या कागदावर त्यांनी सही करावी म्हणून सगळी भावकी आमच्या हॉलमध्ये जमली होती. पुरुष सोफ्यावर आणि त्या दाराशी उभ्या. तासभर त्यांनाच सवाल. लग्नात काय कमी केलं, आता कशाला हिस्सा? विचारण्यात हे आणि यांचा धाकटा भाऊ सगळ्यांत पुढे. "सात-बाऱ्यावर माझं नाव हाय, मी सोडणार न्हाई," एवढंच बोलून त्या पाणीही न पिता गेल्या. तेव्हापासून जाणं-येणं बंद. मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. "वन्सं, बसा," एवढे दोन शब्द माझ्याही तोंडून फुटले नाहीत. त्याची मला आजही शरम वाटते.

हे उठून बाहेर गेले. दोन दिवस चित्राला हात लावला नाही. मी म्हटलं, झालं, घातली मी माती सणात. पण भाऊबिजेच्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चल, नांद्याला."

गाडीवर मागे बसून मी सगळ्या देवांना हात जोडले. वन्संनी दार उघडलं, आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तीन वर्सांनी वाट घावली व्हय रं?" आत तर घेतलं. ताट करता करता म्हणाल्या, "ओवाळीन. पर सही करायची न्हाई, आधीच सांगते."

"सही मागाया आलोच न्हाई, आक्का. माझं चुकलं."

मला वाटलं, आता विरघळणार. कसलं काय! "हे हितं माझ्या ओट्यापाशी सांगून भागायचं न्हाई. जितं मला बोललास तितं बोल. त्याच सगळ्यांदेखत."

ह्यांचे कान लाल झाले. स्वतः केलेल्या भाजीत मीठ जास्त पडलंय हे ताटात घेऊनही कबूल न करणारा हा माणूस. ह्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि धाकट्या भावाला लावला.

"सांच्याला समदे माझ्या घरी या. व्हय, त्या दिवशी होते तेवढे समदे. न्हाई, जमिनीचं न्हाई. आक्काची माफी मागायचीय." पलीकडून तो काहीतरी बोलला. "कुणी म्हंजी? म्या. आन् तूबी."

मग कुठे वन्संनी निरांजन पेटवलं.