कुत्र्याच्या नाकात लस

आमचं कुत्रं गल्लीतलंच. पिल्लू असताना नवऱ्याने ते उचलून आणलं, तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं की हे घरात राहिलं तर मी अक्कलकोटला भावाकडे जाते. त्या गेल्या नाहीत, पण आमच्यासमोर त्याच्याशी कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मंगळवेढ्याला माझ्या चुलत बहिणीचं लग्न निघालं. लग्नापुरतं त्याला कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवायचं ठरलं. तिथल्या बाईंनी फोनवरच अट घातली, की खोकल्याची लस दिली असेल तरच घेऊ. मागे एक कुत्रं खोकत आलं आणि पाठोपाठ सगळीच खोकायला लागली होती. सात रस्त्याजवळच्या डॉक्टरांनी लवकर या म्हणून सांगितलं, कारण लस अंगी लागायला थोडे दिवस जावे लागतात.

अडचण एवढीच, की आमच्या कुत्र्याला 'डॉक्टर' आणि 'इंजेक्शन' हे शब्द पक्के कळायचे. ते कानावर पडले की स्वारी दिवाणाखाली, पार भिंतीला चिकटून. म्हणून नवऱ्याने शक्कल काढली. सासरी घरात कन्नड चालतं, मलाही थोडं कळायला लागलंय. तो स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "नाळे सूजी." म्हणजे उद्या सुई.

कुत्रं दिवाणाखाली गेलं.

योगायोग असेल म्हणून नवऱ्याने वाकून विचारलं, "ऊट आयता?" जेवण झालं का, एवढंच. कुत्रं शेपूट हलवत बाहेर आलं आणि आपल्या ताटलीपाशी जाऊन उभं राहिलं.

आम्ही दोघंही त्याच्याशी मराठीतच बोलतो आणि दिवसभर ऑफिसात असतो. आम्ही एकदमच सासूबाईंकडे पाहिलं. त्या फार मन लावून मेथी निवडत होत्या.

"दिवसभर घरात मी एकटी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "भिंतीशी बोलू व्हय?"

मग दुसऱ्या दिवशी कुत्र्याला दिवाणाखालून काढायचं काम त्यांच्यावरच सोपवलं. त्या दिवाणापाशी फतकल मारून बसल्या आणि कन्नडमध्ये बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या. कुत्रं निमूट बाहेर आलं. भजी खायला जातोय असं त्यांनी सांगितल्याचं नवऱ्याने मला रिक्षात सांगितलं. कुत्रं सासूबाईंच्या मांडीवर बसून रस्ताभर आशेने गाडे पाहत होतं.

ही फ्लूचीच लस का, असं नवऱ्याने विचारल्यावर डॉक्टरांनी समजावलं, की कुत्र्यांचा फ्लू हा निराळा आजार, त्याची लस आपल्याकडे सहसा मिळत नाही. पण कुत्री एकत्र आली की पसरतो त्या खोकल्याची मिळते, आणि तिला सुई लागत नाही. ती नाकात सोडायची. हे ऐकून आम्ही तिघं जरा खजील झालो. सासूबाईंनी त्याचं तोंड दोन्ही हातांनी वर धरलं. थेंब आत गेले. कुत्रं क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि सासूबाईंच्या तोंडावर सणसणीत शिंकलं.

त्यांनी पदराने चष्मा पुसला.

"डॉक्टरसाब, आता मला बी खोकला व्हणार न्हाय न्हवं?"

ही लस कुत्र्यांचीच आहे, असं डॉक्टरांनी गंभीरपणे सांगितलं. शिंक येतेच, औषध पुरेसं आत गेलंय, असंही म्हणाले. सासूबाईंचं समाधान झालेलं दिसलं नाही. परत येताना मात्र त्यांनी रिक्षा थांबवून खरंच भजी घेतली. शब्द दिला होता म्हणे. तिखट नको म्हणून कुत्र्याला वरचं कुरकुरीत तेवढं काढून दिलं आणि आतली मिरची नवऱ्याला.

लग्नात रोज संध्याकाळी त्या मांडवाच्या मागे जाऊन पाळणाघराला फोन करायच्या आणि फोन कुत्र्याच्या कानाला लावायला सांगायच्या. शेवटी तिथल्या बाईंनी मला वेगळा फोन करून विचारलं, की 'खाली बस'ला कन्नडमध्ये काय म्हणतात, कारण मराठीत सांगितलेलं ते ऐकतच नाही.

कुत्रं परत आलं ते न खोकता, चांगलं गुबगुबीत होऊन. आता सासूबाई आमच्यादेखत त्याच्याशी बोलतात. परवा चहा पिताना त्या त्याला हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या. मला सगळं कळलं नाही, पण विषय माझाच असावा, कारण बोलणं संपल्यावर दोघांनीही वळून माझ्याकडे पाहिलं.