अल ऐनच्या भिंतीवरचे चारशे वीस गोल

गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला माझ्या हातून एक काम अर्धवट राहिलं, आणि त्यामुळे रविवारी मी अल ऐनला गेलो. एरवी लोक तिथे डोंगर बघायला, खजुराची बाग बघायला जातात. तेही मी बघितलं, आणि ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी बस, खाणं, खर्च सगळं खाली लिहिलं आहे. पण गेलो होतो एका भिंतीसाठी.

मी अबू धाबीजवळच्या मुसफ्फ्यात एका साइनबोर्डच्या दुकानात काम करतो. बारावी अर्धी सोडून आलो, पण स्पेलिंग चुकू देत नाही, म्हणून दुकानात छापण्याआधीची प्रत माझ्याकडे येते आणि सगळे मला डिक्शनरी म्हणतात. बाकीचा वेळ मी व्हिनाइल निवडतो. मशीन चिकट कागदावर अक्षरं, आकार कापून देतं. नको असलेला भाग आकडीने उचकटून काढायचा, हवा तेवढा ठेवायचा. अम्मीला मी सांगितलंय, तांदूळ निवडल्यासारखं असतं.

त्या आठवड्यात अल ऐनच्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं काम आलं होतं. विषय जगातले कैदी. आकडे नाहीत, नुसते काळे गोल, एक गोल म्हणजे एक हजार माणसं. शिक्षा झालेल्यांसाठी भरीव गोल आणि खटला अजून संपलेला नाही अशांसाठी पोकळ, बांगडीसारखा. डावीकडे सगळे भरीव, उजवीकडे सगळे पोकळ. भरीव निवडायला सोपे. पोकळात प्रत्येकाचं पोट वेगळं काढावं लागतं. दोन दिवस मी तेच करत होतो. शेवटची पट्टी राहिली तेव्हा कंपनीची बस दाराशी हॉर्न वाजवत होती. फोरमन म्हणाला, "बस, खलास. दूर से सब काला ही दिखता है." त्याने पट्टीवर टेप ओढला आणि गुंडाळी बांधली. शुक्रवारी दुसऱ्या दोघांनी जाऊन ती भिंतीवर लावली.

त्या पट्टीत चौदा ओळी होत्या, ओळीला तीस. म्हणजे चारशे वीस पोकळ गोल भिंतीवर भरीव होऊन गेले.

माझा थोरला भाऊ, सलीमभाई, पाच वर्षांपासून आमच्याकडच्या तुरुंगात आहे. गल्फला माणसं पाठवणाऱ्या एका एजंटकडे तो पासपोर्ट गोळा करायचं काम करायचा. एजंट पळाला, भाई सापडला. खटला अजून उभा राहिलेला नाही. तुरुंगाच्या कागदावर त्याच्या नावापुढे 'न्यायाधीन' लिहितात. शिक्षा झालेला असतो तो 'सिद्धदोष'. आत एकमेकांत कच्चा आणि पक्का म्हणतात. हे शब्द मी भाईच्या पत्रांतून शिकलो. गावात मात्र अम्मीला सगळे एकच विचारतात, "किती वर्षांची लागली?" सुरुवातीला ती समजावून सांगायची. आता म्हणते, "आहे अजून थोडी."

म्हणून मला ती पट्टी सोडवत नव्हती. प्रदर्शन रविवारी पाच वाजता बंद होणार होतं. मी आकडी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

सोबत इकबालचाचा आले. ते दापोलीचे, माझ्याच खोलीत राहतात, एसी दुरुस्त करतात. तीस वर्षं इथे काढली, आता मार्चमध्ये व्हिसा कॅन्सल करून घरी जाणार आणि अल ऐन अजून बघितलेलं नाही. त्यांना मी एवढंच सांगितलं होतं की कामात चूक राहिली आहे, ती दुरुस्त करायची आहे.

"किती गोल?" त्यांनी विचारलं.

"चारशे वीस."

"म्हणजे चारसोबीसीच केलीस की रे लोकांशी." ते स्वतःच हसले. भाईवर तेच कलम आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी खिशातली आकडी चाचपली.

मुसफ्फ्याहून आधी शहरातल्या मोठ्या बस स्टँडवर जावं लागतं, तिथून अल ऐनची बस. सकाळी सातच्या आत पोचा, रविवारी रांग वाढते. बसच्या कार्डात आधीच पैसे भरून ठेवा, ड्रायव्हर रोख घेत नाही. मी घरून निघताना एकदा, स्टॉपवर एकदा आणि स्टँडवर एकदा शिल्लक तपासली. तिकीट पंचवीस दिरहम. "सहाशे रुपये," चाचांनी मोठ्याने हिशेब केला, "सहाशे रुपये देऊन वाळू बघायची." वाळू फारशी दिसलीही नाही. जानेवारीचं धुकं होतं, रस्त्याच्या कडेचं कुंपण आणि त्यामागची लावलेली झाडं सोडली तर काही नाही. दोन तासांत पोचलो.

अल ऐनला उंच इमारती नाहीत, सिग्नलपेक्षा गोल चौक जास्त. चालत फिरण्याचं शहर नाही, टॅक्सीचे पैसे धरून चला. स्टँडजवळच्या केरळी हॉटेलात पराठा, अंडा करी आणि कडक चहा घेतला, दोघांचे मिळून अठरा दिरहम. खजुराची बाग तिथून जवळ आहे आणि आत जायला पैसे लागत नाहीत. मातीच्या भिंतींमधून अरुंद वाटा, वर झावळ्या, कडेने पाण्याचे पाट. पाणी कोणाच्या बागेला किती वेळ जायचं ते ठरलेलं असतं, असं तिथल्या बलुची माळ्याने सांगितलं. चाचा पाटात पाय सोडून बसले. "दापोलीसारखं आहे," ते म्हणाले, "फक्त कोणी ओळखीचं नाही." त्यांना अजून बसायचं होतं. मी तीनदा घड्याळ बघितलं तेव्हा उठले.

कॉलेजच्या दारावर ओळखपत्र दाखवावं लागतं. दालन ग्रंथालयाच्या शेजारी, गार आणि पांढरं. आत शिरताच उजव्या हाताला खुणांची पाटी होती: भरीव म्हणजे काय, पोकळ म्हणजे काय. इंग्रजीतलं स्पेलिंग मीच तपासलं होतं. पुढच्या तासाभरात ती पाटी वाचताना मला कोणी दिसलं नाही.

भिंत मात्र मोठी होती. दुकानात ती टेबलावर तुकड्यांत बघितली होती. उभी, सलग, इतकी माणसं एकदम बघितल्यावर चाचा दोन पावलं मागे सरले. डावीकडचा काळा भाग, मग पोकळांमुळे करडा होत गेलेला भाग, आणि अगदी शेवटी, छतापासून जमिनीपर्यंत, पुन्हा एकदम काळी पट्टी. माझी.

आणि लोक तिथेच उभे होते. दोन मुली पट्टीला पाठ लावून फोटो काढत होत्या. एका दोरीवर लोकांनी लिहिलेली कार्डं चिमट्यांनी अडकवली होती. 'शेवट बघून अंगावर काटा आला.' 'उजेड दिसतो असं वाटतं आणि मग अंधार.' 'शेवटच्या कोपऱ्यासमोर मी दहा मिनिटं उभा राहिलो.' मी सगळी वाचली. निम्म्याहून जास्त त्या कोपऱ्याबद्दल होती.

शेजारी एक मराठी कुटुंब आलं. नवरा, बायको, नऊ-दहा वर्षांची मुलगी.

"अहो, शेवटी बघा ना, एकदम दाट झालंय," बायको म्हणाली.

"वाढत चाललंय म्हणजे. ट्रेंड आहे. डेटा न वाचता कळतो, हीच तर गंमत."

"पप्पा, व्हाय आर दीज वन्स डोनट्स?"

"डिझाइन असतं गं ते. चल, तिथे उभी राहा, फोटो काढतो."

टेबलाशी एक विद्यार्थिनी बसली होती, हना. शारजात वाढलेली, घरी उर्दू बोलणारी. माझं हिंदी आणि तिचं उर्दू यावर आमचं काम भागलं. मी सांगितलं की मी दुकानातून आलोय, शेवटच्या पट्टीत आमची चूक आहे. तिला आधी कळलंच नाही. मग तिने लॅपटॉपवर मूळ फाइल उघडली, भिंतीकडे बघितलं, पुन्हा फाइलकडे. तिचा चेहरा उतरला.

"ये सब खाली होने चाहिए थे?"

"जी. मैं निकाल देता हूँ. दो घंटे लगेंगे. बस दुकान में फोन मत करना, मॅडम."

ती फोन घेऊन बाहेर गेली, तिच्या सरांशी बोलून आली. खाली बघत म्हणाली, सर म्हणतात राहू दे. परीक्षकांनी हाच शेवट उचलून धरला आहे, लोकांनाही तोच लक्षात राहतोय. ती एक छोटी चिठ्ठी लावेल, छपाईत फरक आहे म्हणून.

"मॅडम, फरक नहीं है," मी म्हणालो. "इन लोगों को सज़ा नहीं हुई है."

तिने लॅपटॉप बंद केला. मग पर्स उचलली. "मैं चाय लेने जा रही हूँ. दस मिनट."

मी खालच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसलो. ताजं व्हिनाइल झटकन सुटतं. दोन दिवस भिंतीच्या रंगावर बसलेलं सुटत नाही. आकडी आत घातली की मधल्या टिकलीबरोबर कडाही उचलली जायची. मी नखाने कडा दाबून धरली आणि श्वास रोखून टिकली काढली. त्या एकाला तीन-चार मिनिटं गेली. दुसऱ्याला कडा नखाखालून सटकली आणि अख्खा गोल हातात आला. एक हजार माणसं माझ्या बोटाला चिकटली. मी परत बसवायला गेलो तर त्याला सुरकुती पडली. दाबली, ती तशीच राहिली. तिसऱ्याला मी हात लावला नाही, आकडी रुमालात ठेवली.

तेवढ्यात ते कुटुंब बाहेर जाताना परत आलं.

"अहो, इथला एक निघालाय बघा," बायको म्हणाली.

"प्रिंटिंग क्वालिटी," नवरा म्हणाला. "इतका खर्च करतात आणि शेवटी अशी कामं."

चाचा माझ्यामागे उभे होते. त्यांना राहवलं नाही. "निघाला नाही, साहेब. पोराने मोकळा केलाय तो."

"मोकळा नाही, चाचा," माझ्या तोंडून गेलं. "आतच आहे तो. फक्त शिक्षा झालेली नाही."

नवरा 'अच्छा, अच्छा' म्हणाला आणि मुलीचा हात धरून निघाला. पाटी त्याच्या डाव्या हाताला होती. हना चहाचे तीन कप घेऊन आली. एक पोकळ गोल आणि एक सुरकुतलेला तिने बघितला आणि एक कप माझ्या हातात दिला.

परतीची बस साडेपाचची धरली. संध्याकाळी ती भरते, वीस मिनिटं आधी उभं राहा. शहर मागे पडल्यावर चाचांनी विचारलं, "कोण आहे?"

"थोरला भाऊ."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "किती वर्षांची लागली?"

"लागलेली नाही, चाचा. पाच वर्षं झाली. अजून केसच उभी राहिली नाही."

"मग आत कशाला ठेवलाय?"

मी फोन काढून बसच्या कार्डाची शिल्लक तपासली.  अबू धाबीला उतरताना ते म्हणाले, "सकाळी मी चारसोबीस म्हटलं ते डोक्यात ठेवू नकोस."

भिंत उतरवायचं कामही आमच्याच दुकानाकडे होतं. मंगळवारी फोरमनने दुसऱ्या कोणाला तरी पाठवलं. स्क्रेपर लावला की व्हिनाइल एकाला एक चिकटत निघतं. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या कचरापेटीशी गेलो तेव्हा तिथे फुटबॉलएवढा काळा गोळा पडला होता. थोडा उलगडून बघितला. भरीव कुठला आणि पोकळ कुठला, काही कळत नव्हतं.

एकूण खर्च माझ्या एकट्याचा शंभर दिरहमच्या आत. जायला डिसेंबर ते फेब्रुवारी चांगलं. बाग सकाळी बघा. प्रदर्शन संपलं, ते बघता येणार नाही. मी काढलेली ती एक टिकली बसच्या कार्डावर चिकटवली आहे, नखाएवढी.

मंगळवारच्या त्याच जेवणाच्या सुट्टीत मी अम्मीला फोन केला. ती आदल्या दिवशी तुरुंगात भाईच्या मुलाखतीला जाऊन आली होती. जाळीपलीकडून भाई बरा दिसला म्हणाली, केस पिकायला लागलेत. मी तिला भिंतीबद्दल सांगितलं, दोन प्रकारच्या गोलांबद्दल. ती ऐकत होती, मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"अम्मी, आता कोणी विचारलं ना, किती लागली, तर 'आहे थोडी' म्हणू नकोस. लागलेली नाही म्हण. कच्चा आहे म्हण."

"पाच वर्षांत कच्चं काय राहतं रे?" ती म्हणाली.

फोरमन आतून हाक मारत होता.

"तरी तेच सांग," मी म्हटलं.

"बघते," ती म्हणाली.