आईचे मासे आणि माझं पथ्य

माझ्या आईने अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मासे सोडले, तेव्हा मला कोणताही आजार नव्हता. हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण त्या क्षणी मी बोलू शकत नव्हतो, कारण माझ्या तोंडात शेजारच्या नलूकाकींचं घावन होतं.

सुरुवात साध्या रक्ततपासणीने झाली. डॉक्टर म्हणाले, "साखर उंबरठ्यावर आहे. औषध नको, एखाद्या आहारतज्ज्ञाला भेटा." मी रत्नागिरीतल्या एका सरकारी कार्यालयात पंचवीस वर्षं खुर्चीवर बसून आहे, त्यामुळे साखर उंबरठ्यापर्यंत चालत आली याचं मला कौतुकच वाटलं. (मी स्वतः तेवढं चालत नाही.)

आहारतज्ज्ञ मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या निघाल्या. मी मनाची तयारी करून गेलो होतो. भात बंद, आंबा बंद, तळलेलं बंद, असं काहीतरी त्या सांगणार आणि मी मान खाली घालून ऐकणार. पण त्या पाऊण तास नुसते प्रश्नच विचारत होत्या. काय आवडतं? स्वयंपाक कोण करतं? वाढतं कोण? भूक कधी लागते? जेवताना समोर मोबाइल असतो का?

शेवटी न राहवून मीच विचारलं, "आणि भात?"

"आवडतो ना? मग खा. थोडा कमी वाढून घ्या, सोबत माशाचा तुकडा आणि भाजी जरा जास्त. आणि संध्याकाळी पाचला ऑफिसात फरसाण खाता ना, ते भुकेने खाता की कंटाळ्याने, एवढं एकदा बघा."

"ते ठीक आहे. पण बंद काय?"

"बंद काहीच नाही."

रिक्षात बसलो तेव्हा मला चक्क फसवल्यासारखं वाटत होतं. माणूस आहारतज्ज्ञाकडे जातो तो काहीतरी सोडायला. आता घरी काय तोंड दाखवायचं? आणि घरी पडवीत आई वाटच बघत बसली होती.

"काय काय बंद केलान?"

तिच्या डोळ्यांत एवढी काळजी होती, की "काहीच नाही" म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भात. साखर. तळलेलं. मासे." आणि आई अजून बघतेच आहे म्हटल्यावर मी घाईघाईत जोडलं, "नारळ."

"नारळ?" आईने पडवीचा खांब धरला.

अशा रीतीने मॅडमच्या नावावर मी माझं स्वतःचं पथ्य सुरू केलं. मोबाइलवर बघून ठरवलं. सकाळी दुधीचा रस, दुपारी काकडी आणि उकडलेले मूग, रात्री पुन्हा काकडी. खरं सांगायचं तर पहिले तीन दिवस फार छान गेले. माझी बायको स्मिता माझ्याकडे असं बघायची, जसं ती लग्नानंतर पहिल्या वर्षी बघायची. ऑफिसात लोक म्हणाले, "साहेब, तुमच्या निर्धाराला मानलं!" कुणीतरी माझ्या कशाला तरी मानतंय, हा अनुभव मला नवा होता.

चौथ्या दिवशी स्मिता शाळेत शिकवायला गेल्यावर आईने मला मागच्या दारी बोलावलं. हातात उकड्या तांदळाची पेज, वर खोबऱ्याची चटणी.

"खा मुकाट्याने. तोंड बघ केवढंसं झालंय ते! आणि बायकोला बोलू नको. ती त्या मॅडमच्या बाजूची हाय."

पाचव्या दिवशी ऑफिसात डबा उघडला, तर काकडीच्या चकत्यांखाली कोळंबीभात. सोबत स्मिताचा फोन. "अहो, खाऊन घ्या गुपचूप. पण आईंना कळू देऊ नका हं. म्हणतील, सून पथ्य मोडते."

सहाव्या दिवशी संध्याकाळी मधल्या दगडी गडग्यापलीकडून नलूकाकींनी हाक मारली. "विजू, ये रे जरा. घावनं घालत्येय. तुज्या घरात दोघी मिळून उपाशी मारतायत तुला, दिसतंय मला. कुणाला बोलायचं नाय!"

मी कुणालाच बोललो नाही. माणसाने दिलेला शब्द पाळावा. त्यामुळे मी उघडपणे काकडी खात होतो आणि चोरून दिवसाला तीन जेवणं जेवत होतो. आयुष्यात मी इतकं कधी खाल्लं नव्हतं, जितकं या पथ्यात खाल्लं. आणि तिघीही रोज माझ्याकडे बघून म्हणायच्या, "किती उतरला चेहरा!"

महिन्याने मॅडमकडे गेलो. त्यांनी जेवणाची वही ठेवायला सांगितली होती. त्यात मी त्यांनी सांगितलं होतं तेच रोज नेटकं लिहिलं होतं. भात थोडा, बांगडा एक, भाजी भरपूर. वजन दोन किलोंनी वाढलं होतं.

मॅडम वहीकडे बघत राहिल्या. मग काट्याकडे. "काका, हे सगळं असंच्या असं खाल्लंत ना?"

"अगदी असंच."

"मग वजन वाढायला नको होतं. आपलं काहीतरी सुटतंय. डॉक्टरांना विचारून थायरॉइड वगैरे तपासून घेऊ या."

इथे सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, "घेऊ या."

तपासणीची चिठ्ठी घरी गेली आणि हाहाकार उडाला. स्मिता चिठ्ठी हातात घेऊन रडायला लागली. आईचा हिशोब सरळ होता. पोर नुसती काकडी खातं आणि तरी वजन वाढतं, म्हणजे आत काहीतरी मोठं आहे. पावस गावाहून मामा आले. दोन शहाळी माझ्यासमोर ठेवून माझ्या पाठीवर हात फिरवत तासभर बसले. जाताना स्मिताला म्हणाले, "पॉलिसीचे कागद कुठे आहेत ते बघून ठेव."

दुसऱ्या दिवशी आई देवळात गेली. परत आली ती थेट नलूकाकींच्या मागच्या दारी, आणि बाहेरूनच म्हणाली, "नलू, देवीला सांगून आले. माझा विजू बरा होऊन घरात ताट घेऊन भात जेवेल, तेव्हाच मी मासे खाईन." मी आत चुलीपाशी घावन चावत होतो. चावायचं थांबलो.

माझ्या आईने मासे सोडणं म्हणजे काय, हे तिला ओळखत नसलेल्यांना कळणार नाही. देवाचे वार सोडले तर माशाशिवाय तिचं जेवण नाही. श्रावण तिला महिना वाटतच नाही, शिक्षा वाटते. आणि आता ऐन बुधवारी स्मिता सुरमई तळत होती आणि आई डाळभाताचा घास हातात घेऊन नुसती बसून होती. "तुम्ही जेवा गो. मला वास पुरे." आठ दिवसांत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. इतकं, की त्या दिवशी मी नलूकाकींकडे एकच घावन खाल्लं.

रविवारी सांगायचंच, असं ठरवलं. पण रविवारी आधी मासळीबाजार आला. आईने मासे खाणं सोडलं होतं, निवडणं नाही. शेवंती कोळणीच्या पाटीपुढे बसून ती स्मितासाठी सौंदाळ्यांचे कल्ले उघडून बघत होती, मी पिशवी धरून उभा होतो, आणि बाजूला मॅडम भाव करत होत्या. मी बर्फाच्या पेटीमागे सरकलो. पोट पेटीबाहेर राहिलं.

"अहो काका! रिपोर्ट आले का? ह्या आजी ना?"

आईने वर बघितलं. "तू ती? माझ्या पोराचा भात बंद केलास ती?"

"मी?"

"आणि मासे! आणि नारळ!"

"आजी, मी गुहागरची. मी नारळ बंद करीन? उलट रोज भात आणि मासे खा म्हणून सांगितलंय त्यांना!"

शेवंतीचा कोयता हवेतच राहिला.

"मग हा काकडी कुणाची खातो?" आईने विचारलं.

"काकडी? वहीत तर रोज बांगडा आहे!"

"कुठला बांगडा? महिनाभर घरात बांगड्याला हात लावला नाय मेल्याने!"

"मग वजन कसं वाढलं?" दोघींनी एकदमच विचारलं, आणि माझ्याकडे वळल्या.

मी सगळं सांगितलं. पेज, डबा, घावनं. मी पेजेचं सांगत होतो, नेमकी तेव्हाच स्मिता कोथिंबीर घेऊन पोचली.

"आई! तुम्ही पेज देत होतात?"

"आणि तू डब्यात काय देत होतीस गो?"

दोन मिनिटं त्या एकमेकींना बोलत होत्या. मग त्यांना आठवलं की मी तिथेच आहे. त्यापुढची पाच मिनिटं मी इथे लिहीत नाही.

शेवटी शेवंती म्हणाली, "म्हंजे आजी, पोर आजारी नाय?"

"आजारी कसला? लबाड हाय!"

"मग देवीला तरी कशाला अडकवून ठेवताव? घरी नेऊन भात वाढा त्याला."

आईने अर्धी सुरमई घेतली. घरी मला ताटावर बसवलं, मी पहिला घास गिळेपर्यंत समोर उभी राहिली, आणि मग स्वतः जेवली. ती जेवताना मी तिच्याकडे बघत होतो. डोळे भरून आले. तिला वाटलं काटा लागला, तिने पाठीत गुद्दा घातला.

मॅडम चिडल्या नाहीत, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. पुढच्या वेळी त्यांनी मला, आईला आणि स्मिताला, तिघांनाही बोलावलं. मी खरं ते सांगितलं. "काही बंद केलं नाही, तर उपचार चालू आहेत असं वाटतच नाही."

त्या म्हणाल्या, "काका, दुसऱ्या घरात मी दुसरं सांगेन. तुमच्या घरात तुम्ही भात सोडलात की तीन ठिकाणी शिजतो. म्हणून भात ताटातच खायचा, सगळ्यांसमोर." मग त्यांनी शोधून काढलं की मी दुपारी एकला जेवतो आणि घरी सातला पोचतो, म्हणून पाचला फरसाणावर तुटून पडतो. डब्यात चारसाठी एक घावन आलं. आईच्या सोबतीने बाजारात चालत जाणं आलं. बाकी सगळं आमचंच होतं, नुसतं जागेवर लावलेलं.

तीन महिन्यांनी साखर उंबरठ्यावरून मागे गेली. मॅडम खूश झाल्या. आई सोबत होतीच. "काका, नेमका कशाचा उपयोग झाला असं वाटतं?"

मी घसा खाकरला. "माणसाच्या मनाचा निर्धार..."

"कसला निर्धार!" आई म्हणाली. "आम्ही तिघींनी ह्याची कीव करायची सोडली."

मॅडमनी पेन उचललं आणि माझ्या फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं. भात, मासे, नारळ, आंबा यांच्यापुढे 'चालेल' असं होतं. आणि त्याखाली, कशावरही बंदी न घालणाऱ्या त्या बाईंनी घातलेली एकुलती एक बंदी होती.

'काकांची कीव : पूर्ण बंद.'