उजव्या हाताचं मलम

नव्वदच्या आसपास मी जळगावच्या एमआयडीसीत एका मलमांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायची. सहा वर्षं मी एकटीच होते. मग पुण्याहून एक मुलगी आली आणि साहेब ऊठसूट तिलाच विचारायला लागले. मागून आली आणि तिखट झाली. तिचं अक्षर सुंदर, कांती सुंदर, वर स्वभावही चांगला, म्हणजे नावं ठेवायला जागाच नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

चिरलेली कातडी भरून आणणारं नवं मलम काढायचं होतं. माझं कोरफडीचं, तिचं मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या चरबीचं. जे सरस ठरेल तेच बाजारात जाणार होतं.

एरंडोलकडच्या एका खेड्यात कापूस वेचणाऱ्या बारा बायका आम्ही निवडल्या. वाळक्या बोंडांनी त्यांची बोटं नखांपाशी ओरबाडलेली असत. एका हाताला माझं मलम, दुसऱ्याला तिचं, असं पंधरा दिवस लावायचं. कोणतं कशाचं, हे तिनं बायकांना प्रामाणिकपणे सांगून टाकलं. बहुतेकींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तिनं ती पाहिली नाही, मी पाहिली.

"तुझं उजव्या हाताला ठेवू या," मी म्हटलं.

तिला वाटलं, मी मान देतेय. "थँक्यू ताई," म्हणाली.

पंधरा दिवसांनी बहुतेकींची डावी बोटं भरून आली होती, उजवी तशीच. एका अक्कांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मना गळामा माळ शे, माय. मेंढीनं ते जेवाना हातले कसं लावू?" बाकीच्यांचंही तेच असणार. मी मान डोलावली. वहीत मात्र त्यातलं काही लिहिलं नाही.

परतताना एसटीत तिनं विचारलं, "कुणी काही बोललं का, ताई?"

"नाही."

माझं मलम निवडलं गेलं, पेढे वाटले. सगळ्यांत आधी माझा हात हातात घेतला तो तिनंच, आणि बघतच राहिली. प्रयोगशाळेतली भांडी धुवायच्या सोड्यानं माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या. महिनाभर मी त्यांना माझंच मलम चोळत होते. तिनं आपली उरलेली डबी माझ्या टेबलावर ठेवली. "हेही लावून बघा ना."

घरी नेऊन मी ते गुपचूप लावलं. आठ दिवसांत भेगा बुजल्या.

"माझं लावलंत का?" तिनं विचारलं.

"छे, माझंच."

"बघा, मी म्हटलं नव्हतं, तुमचंच चांगलं आहे!" ती म्हणाली, आणि मनापासून खूश झाली. मला तिच्या त्या खुशीचासुद्धा हेवा वाटला.