तपासनिसाची नात

एस.टी.च्या मार्ग तपासणी पथकात चौदा वर्षं काढलेला माणूस घरात बसला की घराचं काय होतं, ते सोनालीला विचारावं. महारुद्र तात्या तिचे सासरे. चहात आज साखर कमी का, इथपासून ते अर्ध्या तासात येते म्हणून गेलेली बाई पाऊण तासानं का आली, इथपर्यंत कशाचाही छडा लागल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. आधी सतरा वर्षं वाहक, मग तपासनीस. भूम-बार्शी रस्त्यावर हात करून गाडी थांबवायची, आत चढायचं आणि चेहरे सोडून लोकांच्या हातांकडं बघायचं. ज्याच्याकडं तिकीट नाही तो खिसे फार मन लावून शोधतो, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीच्या दिवशी आगारानं शाल आणि नारळ दिला, तर तात्यांनी नारळ कानाशी नेऊन हलवला, आत पाणी आहे का बघायला. साहेब समोरच उभे होते.

गाव भूमपासून आठ किलोमीटरवर. या भागात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ, तशी एक तात्यांच्या परसात, विटांच्या भिंतींवर पत्रा टाकलेल्या शेडमध्ये होती. तात्यांची बायको मथुराबाई चार वर्षांपूर्वी गेल्यापासून भट्टी सोनालीच्या गळ्यात पडली. नवरा इंद्रजित सकाळी साडेसातला तालुक्याच्या दूध संकलन केंद्रावर जायचा. नऊला भट्टी पेटायची आणि अकराला खवा न्यायला गाडी यायची. मधले दीड-दोन तास कढईपुढून हलायची सोय नाही. उलथणं थांबलं की दूध तळाला लागतं, आणि करपलेला खवा गाडीवाला हातात घेत नाही. खाली जाळ, वर उकळतं दूध, आणि घरात तीन वर्षांची पोर. तात्या ओट्यावर असायचे, पण पोर सांभाळणं आपलंही काम असू शकतं हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. सोनालीनं काय करायचं? तिनं केलं ते पुष्कळ आया करतात. घरात पोरीच्या हातात मोबाईल दिला, बाहेरून कडी लावली आणि दूध आटवलं.

पोरीचं नाव शिवप्रिया, घरात शिवू. तिसरं सरलं तरी तिच्याजवळ शब्द चारच होते: आई, दे, भू आणि टाटा. हाक मारली तर वळून बघायची नाही. गावात कुणी तरी ‘मुकी हाय का’ असं विचारलं, तेव्हा सोनाली आठ दिवस दाराबाहेर पडली नाही. शेवटी तिघं पोरीला घेऊन धाराशिवला लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमकडं गेले. मॅडमनी कान तपासले, खेळणी देऊन बघितलं, बराच वेळ पोरीशी खाली सतरंजीवर बसल्या. कान चांगले आहेत म्हणाल्या. सोनालीनं मोबाईलचं सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, तो पूर्ण बंद करा आणि तिच्याशी बोला, दिवसभर बोला. दोन महिन्यांनी या. तेव्हा फरक दिसला नाही तर पुढचे उपचार बघू, सोलापूरला आठवड्याला खेटे घालावे लागतील. मग तात्यांकडं वळून म्हणाल्या, “आजोबा, घरात तुम्हीच मोकळे आहात. या दोघांना सगळ्यात जास्त मदत तुमची होईल.”

झालं. तात्यांना वाटलं, ड्युटी लागली. सोबत बसणं, पोरीला फिरवणं, चार शब्द बोलणं, असलं काही त्यांच्या डोक्यात आलंच नाही. बंदी घातली आहे म्हणजे ती कुणीतरी मोडणार, आणि मोडणाऱ्याला पकडणं हीच मदत. एकतीस वर्षांत त्यांनी सरकारला दुसरी कुठली मदत केली होती?

तपास लगेच दुसऱ्या सकाळी सुरू झाला. सोनाली आता पोरीला भट्टीवर सोबत न्यायची; अकराला घरात आली की मोबाईल चौकटीवर ठेवायची आणि हातपाय धुवायला मोरीत जायची. तात्या उठून पोरीसमोरच मोबाईलच्या पाठीवर उलटा हात ठेवायचे, ताप बघतात तसा. मोबाईल गरम. दुसऱ्या दिवशी गरम. तिसऱ्या दिवशी चांगलाच गरम.

“सोनाली, पोरीला मोबाईल दिलता का?”

“न्हाय, तात्या.”

“खरं सांग.”

“न्हाय दिला. कवाच बंद केलाय.”

तात्या मान हलवून ओट्यावर जायचे. पुरावा समोरच्याला दाखवायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम. दाखवला की तो सावध होतो. म्हणून मोबाईल गरम लागतो हे त्यांनी सुनेला एकदाही सांगितलं नाही. फक्त विचारत राहिले. दिवसातून तीनदा, चारदा. पोर आईच्या पदराला धरून मध्ये उभी असायची आणि वर एकदा आजोबांकडं, एकदा आईकडं बघायची. तिच्याशी मात्र कुणी काही बोलत नव्हतं.

संशयाला एकदा पाय फुटले की ते शेजारीही जातात. शेजारच्या इरम्माकडं पोरगी खेळायला जाते, तिथं टीव्ही दाखवत असतील, असं तात्यांच्या मनात आलं. कोथिंबिरीच्या बहाण्यानं ते तिच्या घरात शिरले आणि बोलता बोलता टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला. टीव्ही गार होता. इरम्मानं कोथिंबीर दिली, पण तात्यांनी टीव्ही का कुरवाळला हे तिला आजही कळलेलं नाही. अंगणवाडीच्या बाईवरही तीन दिवस नजर ठेवून झाली. फिरून सगळं सोनालीवरच येत होतं. सहा आठवडे गेले, शब्द होते तेवढेच. आणि तात्यांना, सांगायला वाईट वाटतं पण, पोरीची काळजी होती त्याहून सून खोटं बोलून निसटतेय याची चीड जास्त येऊ लागली होती.

एका रविवारी त्यांनी इंद्रजितला बाजूला घेतलं. “तुजी बायकू पोरीला मोबाईल देती. माज्याकडं पुरावा हाय.”

इंद्रजित सरळ स्वभावाचा. त्यानं पुरावा विचारला नाही. सोमवारी निघताना बायकोचा मोबाईल खिशात घातला. “तात्यास्नी तरास नगं,” एवढंच म्हणाला. सोनाली दारात उभी राहिली. तिचं माहेर नळदुर्गाकडं, आईशी रोज दुपारी पाच मिनिटं बोलायची, तेही गेलं. ती भांडली नाही. तात्यांना वाटलं, गप बसली म्हणजे कबूल झाली.

चौथ्या दिवशी ते सकाळी दहाला ओट्यावर बसले होते. शेडमधून बाईचा आवाज येत होता. थांबत नव्हता, एका लयीत चालला होता, मोबाईलमधल्या गोष्टी सांगणाऱ्या बाईसारखा. तात्यांच्या अंगात जुनं बळ आलं. दुसरा मोबाईल. माहेरहून मागवला असणार. त्यांनी चपला काढल्या, परसात अनवाणी गेले आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

सोनाली पाठमोरी होती. दोन्ही हातांनी उलथणं ओढत होती, पाठ घामानं भिजली होती. मागं, जाळापासून चांगलं लांब, शिवू होती. जुन्या लुगड्याची पट्टी तिच्या कंबरेला बांधून दुसरं टोक खांबाला बांधलं होतं, जाळाकडं येऊ नये म्हणून. मोबाईल कुठंच नव्हता. बोलत होती ती सोनाली. घसा बसला होता तरी बोलत होती. “आता दूध वर आलं बग. वर आलं का न्हाय? आता आपुन त्येला खाली बसवू. बसलं. आता फेस आला. पांढरा फेस. शिवूच्या फ्रॉकवानी पांढरा.”

तात्यांनी दार थोडं लोटलं आणि आधाराला आतल्या बाजूच्या कोनाड्यात हात घातला. कोनाड्यात काडेपेटी होती. काडेपेटी गरम होती. भट्टीचं धुराडं त्याच भिंतीला लागून वर गेलं होतं, आणि भिंतच तापलेली होती. काम करताना सोनाली मोबाईल इतके दिवस तिथंच ठेवत असणार. तात्या ती काडेपेटी हातात धरून उभे राहिले. इतका साधा हिशोब त्यांना लागला नव्हता, कारण दीड महिन्यात ते शेडमध्ये एकदाही आले नव्हते.

तेवढ्यात शिवू नीट मांडी घालून बसली. तिच्याजवळ मोबाईलएवढा फरशीचा एक तुकडा होता. तो तिनं मांडीवर ठेवला, त्याच्यावर उलटा हात टेकवला, डोळे बारीक केले आणि आईकडं बघून म्हणाली, “खलं शांग.”

पोरीनं दोन शब्द जोडले होते. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं होतं, आणि ते असं आलं होतं.

सोनालीचा हात थांबला. तिनं मागं वळून पोरीकडं बघितलं, आणि मोठ्या माणसाला उत्तर द्यावं तशी म्हणाली, “न्हाय दिला गं. खरंच न्हाय दिला.” मग ती रडायला लागली. उलथणं कढईत तसंच राहिलं आणि दूध तळाला लागल्याचा वास शेडभर झाला.

तात्या आत आले. सोनालीनं घाईनं तोंड पुसलं. “काय तपासायचंय, तात्या? मोबाईल हितं न्हाय. तुमच्या लेकाकडं हाय.”

“पोरीला घिऊन जातो,” तात्या म्हणाले.

“कशाला?”

ते खाली बसून लुगड्याची गाठ सोडायला लागले. शिवू त्यांच्याकडं यायला तयार नव्हती, आईकडं हात करून ओरडत होती. सोनालीही उलथणं धरून त्यांच्या हातांकडंच बघत होती, हा माणूस आता नवीन काय काढतोय या नजरेनं. तिचं चुकत होतं असं कोण म्हणेल?

त्याच संध्याकाळी तात्यांनी इंद्रजितला मोबाईल परत द्यायला लावला. “तुमीच तर म्हणलात,” तो म्हणाला. “म्याच म्हणलो. दे आता.” का, ते सांगितलं नाही. माफी मागायला त्यांची जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र नऊ वाजले की ते शिवूला घेऊन गोठ्याकडं जायला लागले. पहिले दिवस फार वाईट गेले. पोर रडायची, आणि प्रश्न न विचारता बोलायचं कसं हे तात्यांना जमत नव्हतं. तोंड उघडलं की ‘कुठं गेलतीस’ नाहीतर ‘काय केलंस’ एवढंच निघायचं. मग हळूहळू, “ही म्हस. म्हस रवंथ करती. शेपटीनं माशी हाकलली,” असं सुरू झालं. पंधरवड्यात शिवू त्यांचं बोट धरून स्वतः गोठ्याकडं ओढायला लागली.

दोन महिने भरले, तिघं पुन्हा धाराशिवला गेले. मॅडमनी विचारलं, शब्द किती झाले? सोनालीनं बोटांवर मोजून एकोणीस सांगितले. मॅडमना आनंद झाला. “दोन शब्द जोडते?”

“जोडती.”

“अरे वा. पहिलं काय जोडलं, आठवतंय?”

सोनालीनं एकदा सासऱ्यांकडं बघितलं. “पाणी दे, म्हणली.”

तात्यांना आपल्या सुनेचं खोटं आयुष्यात पहिल्यांदा सापडलं होतं, आणि ते त्यांच्याचसाठी बोललेलं होतं. इंद्रजित शेजारी बसला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तात्या गप बसले असते तर कुणालाच कळलं नसतं.

“असं न्हाय, मॅडम,” तात्या म्हणाले. “पोरगी पयलं बोलली, खरं सांग. आईला म्हणली. माज्याकडनं शिकली. म्या हिला दीड म्हैना चोरावानी इचारत व्हतो, आन् हिनं एकदाबी मोबाईल दिला नव्हता. भट्टीनं गरम झाल्याला मोबाईल म्या पुरावा धरला.” बोलून झाल्यावर त्यांनी सोनालीकडं बघितलं. “चुकी माजी हाय.”

सोनाली मान खाली घालून शिवूच्या केसांतून हात फिरवत राहिली. इंद्रजितनं बापाकडं बघितलं आणि मग बायकोकडं बघायची त्याला लाज वाटली.

मॅडमनी पेन उचललं आणि सोनालीला विचारलं, “आता भट्टीच्या वेळेला हिच्याजवळ कोण असतं?”

तात्यांनी तोंड उघडलं नाही. स्वतःची साक्ष स्वतः देऊन चालत नाही, एवढं त्यांना माहीत होतं.

“तात्या असत्यात,” सोनाली म्हणाली.

“रोज?”

“रोज.”

मॅडमनी तेवढ्यावर तसं लिहून घेतलं. पुढं काही विचारलं नाही.